तिच्या वहीतली त्याची उत्तरं

सुपरवायझर लेथपाशी येऊन उभा राहिला तेव्हा उस्तादला वाटलं, आलं पुन्हा नव्या मशीनचं रडगाणं.

"जॉब अर्धा आहे, साहेब. पुरा करून येतो."

"राहू दे तो," म्हणत सुपरवायझरनं स्वतःच स्विच बंद केला. तीस वर्षांत उस्तादच्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता.

बायको शिलाईच्या दुकानात काम करता करताच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिला शिकण्याची भारी हौस. चाळिशीत टायपिंग शिकली, पन्नाशीत स्कूटर. दोनदा आपटली, आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला मागे बसवून बाजार करून आली. ती जाण्याआधी काही महिने कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लेथ आलं. परीक्षा पास होईल तो त्या मशीनवर, बाकीचे गोदामात, असा हुकूम निघाला. उस्तादनं मशीनचं पुस्तक घरी आणून कपाटावर टाकलं होतं. तिनं ते खाली काढलं. रोज सकाळी सहा ते साडेसहा, चहा पुढ्यात ठेवून शिकवणी सुरू झाली.

"अगं, माझं वय झालं आता."

"जेवायचं वय संपलं का? नाही ना? मग बसा."

पुस्तकातलं जे तिला उमगायचं नाही, ते ती वहीत प्रश्न करून लिहायची. "आज मॅडमना एवढं विचारून या हं." मॅडम म्हणजे नवं मशीन शिकवायला आलेली मुलगी, त्याच्या लेकीच्या वयाची. ज्याला अख्खा कारखाना उस्ताद म्हणतो, तो तिला काय विचारणार? तो विचारायचाच नाही. घरी येऊन मनानं काहीतरी ठोकून द्यायचा.

"बघा, किती सोपं होतं!" असं म्हणत ती ते लिहून घ्यायची.

पंधरा दिवसांनी तो कामावर परतला तो वही घेऊनच. आता शिकवायला तेवढीच उरली होती. यातलं पुस्तकातलं कुठलं आणि आपलं ठोकलेलं कुठलं, हा विचारही त्याच्या मनात आला नाही. तिचं अक्षर दिसलं की त्याला ते खरंच वाटायचं.

नव्या मशीनवर सरावाला पातं बदललं आणि त्यानं वही उघडली. 'पातं बदललं तरी जुनंच माप चालतं.' त्यानं बटण दाबलं. मॅडम ओरडत धावली आणि तिनं लाल बटणावर हात मारला. जॉब पकडून फिरणाऱ्या चकपासून पातं बोटभर लांब थांबलं.

"काका! पातं बदललं की माप नव्यानं घ्यायचं. हे उलटं कुणी शिकवलं तुम्हाला?"

'बायकोनं' हा शब्द अगदी जिभेवर आला. त्यानं वहीत पाहिलं. उत्तराखाली तिनं लिहिलं होतं, 'यांना विचारलं. पक्कं.'

"मीच," तो म्हणाला. "मीच बायकोला खोटं शिकवलं."

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनं अख्खी वही वाचली. "उत्तरं बरीच चुकलीत, काका. पण प्रश्न? इथं शिकलेल्या एकानंही मला असे विचारले नाहीत. काकूंना घेऊन या ना एकदा."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही सांगता येईना. डबा पुढ्यात तसाच ठेवून तो सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला.

तेव्हापासून रोज तो दोन-तीन प्रश्न विचारतो. हसणारे हसतात. "उस्ताद पहिलीत बसले!" तो हसू देतो. सकाळी सहाला चहा करून टेबलाशी बसतो आणि खरी उत्तरं लिहितो. तिचं अक्षर खोडवत नाही, म्हणून शेजारी लिहितो.

परीक्षा सोमवारी आहे. एकतीस प्रश्नांपैकी एकोणीस विचारून झालेत, बारा बाकी आहेत. आणि आपण कधी विचारलंच नव्हतं, हे तिला सांगायचं राहून गेलंय.