दहा हात पूर्वेला

दौलतरावांना भिंतीवर इतिहास रंगवायचा होता, तिथून हे सगळं उकरून निघालं.

आमच्या विहाराला यंदा पक्की भिंत झाली. तिच्यावर वस्तीची हकिकत लिहायची असं कमिटीनं ठरवलं. दौलतराव कमिटीचे अध्यक्ष, रेल्वेच्या गँगमध्ये मुकादम, आवाज असा की दुर्गच्या फलाटावर ऐकू जावा. बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर त्यांनी मजकूर वाचायला घेतला. वस्ती कधी बसली, कोण भंडाऱ्याचं, कोण नागपूरचं, सगळं बरोबर होतं. मग आलं ते वाक्य. "सन अठ्ठावन्न साली पाण्याच्या पाइपाची लाइन आपल्या बोधीवृक्षावरून जाणार होती, पण ती आपोआप वळली."

आपोआप! लाइन म्हणजे काय शेळी आहे, पाला दिसला की वळायला? आठ वर्षं मी हे ऐकत आले आणि दर वेळी मान खाली घालून खिरीचं पातेलं ढवळत राहिले. या वेळी मात्र ते भिंतीवर चढणार होतं, तेही तेलरंगानं.

समोर बायकांत चंपा बसली होती. तिला मराठी समजतं, बोलत नाही.

तेव्हा दुर्गजवळच्या मरोदा गावाच्या कडेला आमची वीस-बावीस घरं होती. पोलादाचा कारखाना अजून उभा राहायचा होता, पण जमीन आधीच जागची हलली होती. सकाळी बाजाराला गेलेली वाट संध्याकाळी सापडायची नाही. तिथं खड्डा तरी असायचा नाहीतर मुरमाचा ढीग. डंपर दिवसभर धावत. भाकरीवर धूळ, पाण्यावर धूळ. आज या गावची माणसं गाड्या भरताना दिसत, उद्या त्या गावची. कुणाला विचारावं, कुठं चाललात, तर तेही धड सांगता यायचं नाही.

माझा नवरा देवीदास सर्व्हेच्या पार्टीत खलाशी होता. साहेब दुर्बिणीतून बघायचा, हा उन्हात झेंडी धरून उभा राहायचा, साखळी ओढायचा, आणि साहेब सांगेल तिथं खुंटी ठोकायचा. लोकांच्या धानात, अंगणात, गोठ्याच्या दाराशी. बाया त्याच्या तोंडावर शिव्या द्यायच्या. घरी आला की जेवताना त्याचं लक्ष नसायचं. "खुंटी मी ठोकतो, पन मनात मी नाही ठोकत," असं म्हणायचा. मी म्हणायची, "मनातलं कोनाले दिसते?"

आणि वस्तीच्या तोंडाशी आमचं रोप होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतताना दौलतरावांनी ते डालड्याच्या डब्यात, मांडीवर धरून आणलं होतं. दीड वर्षात पिंपळ माझ्या कमरेला लागला. त्याला पाणी चंपाच्या विहिरीचं. चंपा आणि तिचा नवरा बाबुलाल सतनामी पंथाचे, आमच्यासारखीच शिवाशिव सोसलेले, मूळचे इथलेच. आम्ही नवे आलो तेव्हा गावातल्या दोन विहिरींवरून आम्हाला हाकललं होतं. चंपानं तिसऱ्या दिवशी स्वतःच बादली हातात दिली. ती विहीर दोघा नवरा-बायकोनं खणलेली, एकानं खाली उतरायचं आणि दुसऱ्यानं टोपली ओढायची. पाणी विचारून घ्यावं लागत नसे, एवढं मी सांगते. ज्यानं कधी विचारून पाणी घेतलंय त्याला कळेल.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात देवीदास दुपारीच घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. "लाइन आपल्या झाडावून चालली. खुंटी मीच ठोकून आलो, बुंध्यापाशी."

"साहेबाले सांगा नं!"

"सांगतलं. म्हने कागदावर झाड नाही."

रोप उपटून दुसरीकडे लावावं तर मे महिना, जमीन तव्यासारखी तापलेली. ते दोन दिवसांत वाळलं असतं. आणि दौलतरावांनी एकच धोशा लावला, "आता आपुन हलायचं नाही!" तेही खरंच होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हललेलेच. एक झाड तरी जागच्या जागी राहू दे, असं मलाही वाटलं. अगदी जीव तुटून वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पार्टी सावलीला आडवी झाली तेव्हा मी पाटा-वरवंट्यातला वरवंटा पदराखाली घेऊन गेले. खुंटी हलवून हलवून काढली. आता कुठं ठोकायची? पश्चिमेला बाबुलालचं शेत. त्यांच्या शेतात कशी घालू? ज्यांचं पाणी प्यायलं त्यांचं शेत खाऊ का? म्हणून पूर्वेला गेले. तिकडं झाड आणि विहीर यांच्यामध्ये उघडी जागा होती, कुणाचीच नव्हती. दहा हात मोजले आणि खुंटी ठोकली. घरी येऊन वरवंटा धुतला, त्यावर मिरची वाटली.

संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसांनी खुंटीपासून खुंटीपर्यंत फक्की मारली. पांढरी रेघ झाड आणि विहीर यांच्यामधून नीट गेली. मला वाटलं, जिंकले.

खलाशाची बायको मी, पण मला एवढं ठाऊक नव्हतं की ती रेघ म्हणजे चरीचा मधला भाग. पाइप माणूस उभा मावेल एवढा. त्याला रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा लागते, आणि ते सगळी माती एकाच बाजूला, पूर्वेला टाकणार होते. सकाळी त्यांनी कडेच्या रेघा मारल्या. झाड हातभर बाहेर राहिलं. विहीर पूर्ण आत आली.

देवीदासानं एकदा खुंटीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"सांगून देते," मी म्हटलं.

"सांग. मंग झाडबी जाते, नौकरीबी जाते." आणि मग, हळू आवाजात, "तू कावून केलं पंचफुला, मले इचारून तरी करतीस."

मी सांगितलं नाही. विहीरही कागदावर नव्हती. तीन दिवसांत बुजली. बाबुलाल ठेकेदाराच्या माणसांपुढे हात जोडत फिरला. चंपा कडेला उभी राहून पहिली टोपली पडताना पाहत होती. त्या वेळी माझं लुगडं तिच्या लुगड्याला लागत होतं, इतकी जवळ मी उभी होते.

पुढं चंपा रिसालीच्या वाटेवरच्या नळावरून पाणी आणायची, मैलभर. डोक्यावर दोन हंडे. वरच्या हंड्यातलं लोटाभर रोज आमच्या रोपाला. मी नको नको म्हणायची. ती म्हणायची, "तुँहर भगवान के पेड़ ए बहिनी, सुखाय झन." तुमच्या देवाचं झाड आहे, सुकायला नको. पावसाळा लागेपर्यंत रोज, आणि पुढं दर पौर्णिमेला. आठ वर्षं.

तर दौलतराव म्हणाले, "आपोआप वळली," आणि मी उठले.

"वळली नाही. मी वळवली. मी खुंटी उपडून दहा हात पूर्वेला ठोकली, म्हून चंपाबाईची विहीर गेली. लिहायचं असन त हे लिहा."

देवीदास जमिनीकडे बघत होता. दौलतरावांच्या हातात कागद तसाच. ते पुटपुटले, "बसून घे पंचफुला, हे का बोलाची येळ हाय?"

मी चंपाकडे पाहिलं. वाटलं, ओरडेल. ओरडावं तिनं, मला तेच हवं होतं. पण ती नुसती विचारात पडल्यासारखी दिसली, जणू मनात जागा मोजत होती. झाड, विहीर, शेत.

"खेत डहर काबर नइ सरकाए?" शेताकडे का नाही सरकवलीस?

"तुमचं शेत होतं, बहिनी."

"मोला पूछ लेते," ती म्हणाली. "मैं दे देतेंव. खेत त अइसनो गे." शेत तर असंही गेलंच.

शेत पुढल्याच वर्षी सडकेत गेलं होतं, तेही मला माहीत होतंच. विचारलं असतं तर तिनं दिलं असतं. बादली दिली तशीच.

तिनं आपला भरलेला लोटा उचलला आणि विहाराबाहेर पडली. झाडापाशी नेहमीसारखी थांबली. मग तो लोटा तसाच घेऊन घरी निघून गेली.