उघड्या तोंडांचा कोरस

दातांच्या त्या दवाखान्यात खुर्च्या दोन आणि डॉक्टरही दोन, नवरा-बायको. दात काढायचे ते डॉक्टरीणबाईंनी. डॉक्टरांकडे नुसतं तपासणं आणि साफसफाई. बाईंचा हात इतका हलका, की दात निघाल्यावर पेशंट विचारायचे, मग कधी काढताय? एक आजोबा तर काढलेला दात खिशात घालून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तोच काढून घ्यायला परत आले. बाहेरच्या पाटीवर नावांखाली एकच ओळ होती: 'दात काढताना दुखत नाही.' ही ओळ बाईंची आयुष्यभराची कमाई. रोज सकाळी त्या ती पाटी स्वतः पुसायच्या.

डॉक्टरांना मात्र पन्नाशीला आल्यावर कंठ फुटला. मेहुणा एकदा चेष्टेत म्हणाला, भावजी, तुम्ही अल्बम काढा. भावजींनी त्यातली चेष्टा तेवढी बाजूला ठेवली आणि अल्बम घेतला.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेली एक खोली. तिथल्या रेकॉर्डिस्टनं एका सिमेंटवाल्याला आणि त्याच्या सासूलाही गायक करून सोडलं होतं. त्याच्याकडे बेसुरांना सुरात आणणारं सॉफ्टवेअर होतं. डॉक्टरांचा मुखडा, 'तुझ्याविना मी अर्धा, अर्ध्याचाही अर्धा', त्यात घातला, तर ते आधी बंद पडलं आणि पुन्हा चालू झाल्यावर त्यानं विचारलं, ही फाइल नक्की आवाजाचीच आहे ना? रेकॉर्डिस्ट अनुभवी. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्यानं सुचवलं, साहेब, मागे कोरस घालू, म्हणजे तुमचा आवाज खुलेल. कोरसच्या मुली मुखडा ऐकून पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या, त्या गेल्याच.

डॉक्टरांचं काही अडलं नाही. त्यांच्यापुढे दिवसभर माणसं आ वासूनच बसायची. त्यांनी अवजारांच्या ट्रेमध्ये मोबाइल ठेवला आणि तपासता तपासता मुखडा गायला सुरुवात केली. समोरून 'आऽऽ' आला, की झालं रेकॉर्डिंग.

गाणं बाहेर पडलं आणि जगभर गाजलं. म्हणजे कोरस गाजला. डॉक्टरांचा आवाज लोक कापून टाकत. काय ती कळ, काय तो विरह! कुणी साहेबाच्या फोनसाठी तोच कोरस रिंगटोन म्हणून लावला. मग कुणालातरी शोध लागला, की हे आवाज दातांच्या दवाखान्यातले. त्यानं पाटीचा फोटो काढला, 'दुखत नाही'वर बोट ठेवलं आणि मागे तो कोरस सोडला. लोक हसून हसून लोळले. आठवडाभरात दवाखान्याचा बाहेरचा हॉल ओस पडला. काचेच्या टाकीत एक मासा उरला होता, पण गाणं ऐकल्यापासून तोही भिंतीकडे तोंड करून असायचा.

पाटी पुसताना बाईंचा हात थांबायला लागला. इतक्या वर्षांचं नाव एका 'आऽऽ'नं पुसून टाकलं होतं. एका दुपारी त्यांनी दार लावून गाणं नीट ऐकलं. पहिला आवाज ओळखीचा, शिंप्याचा. पण तो तर नुसता दाढ दाखवायला आला होता. दाताला आरसासुद्धा लागला नव्हता. दुसरा आवाज मुख्याध्यापिकाबाईंचा. त्या नातीला घेऊन आल्या होत्या आणि खुर्ची रिकामी दिसली म्हणून टेकल्या होत्या.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संध्याकाळी त्या नवऱ्याला गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, लोकांना तुम्हाला समोर बसून ऐकायचंय."

रविवारी हॉल खच्चून भरला. सगळे मजा बघायला आलेले, मोबाइल उगारून. बाईंनी सर्वांदेखत पकडी आणि सुया कपाटात घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली शिंप्याच्या हातात दिली. आज कुणाच्या दाताला हात लागणार नाही, म्हणाल्या. डॉक्टर गायला उभे राहिले. 'तुझ्याविना मी अर्धा'ला लोक खिदळत होते. 'अर्ध्याचाही अर्धा'ला तोंडं उघडली आणि अख्ख्या हॉलमधून तोच कोरस उठला, तीच कळ, किंबहुना जास्तच. औषधवाल्याची कवळी आपणहून बाहेर आली.

शिंपी किल्ली पुढे करत कळवळला, "बाई, हवी तर सगळी बत्तिशी काढा, पण यांना आवरा."

हे सगळं त्या उगारलेल्या मोबाइलमध्ये गेलं आणि पहिल्यापेक्षा दुप्पट वेगानं पसरलं. दुखणं दाताचं नव्हतं, हे जगाला कळलं. सोमवारी दवाखान्यापुढे रांग लागली.

डॉक्टरांचे डोळे मात्र रविवारपासून भरून येत होते. "अगं, पाहिलंस ना? सगळ्यांना कोरस तोंडपाठ आहे."

बाईंनी पेंटरला बोलावून पाटीवर एक ओळ वाढवून घ्यायला सुरुवात केली: 'इथे गाणं ऐकवलं जात नाही.' डॉक्टरांचा चेहरा पडला. हे कशाला, म्हणाले.

"अहो, एवढा मोठा कलावंत," बाई म्हणाल्या, "कुणीही दात दाखवायला यावं आणि फुकट ऐकून जावं, शोभतं का?"

डॉक्टरांना ते पटलं. ती ओळ जरा मोठ्या अक्षरात काढ, असं मग त्यांनीच पेंटरला सांगितलं.