त्रिवेणीबाईंची झील

पायरीवर नका बसू, असे आत या, सतरंजीवर. तुम्हाला मलकपेठेतल्या एका भावाबहिणीची गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता चहा गार झाला तर दुसरा करू.

"काका, तुम्ही नुसतं निरूपण करा," उदय सांगत होता. "पदं मी स्पीकरवर लावतो. तुमचंच जुनं रेकॉर्डिंग आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

उदय पुण्याचा, इथे कंप्युटरच्या नोकरीत. दत्तजयंतीच्या उत्सवाची सगळी धावपळ त्याच्याकडे. पोरगा मनाने चांगला. काका म्हणजे आमचे कीर्तनकार हणमंतराव. त्यांच्या फुप्फुसांनी यंदा दगा दिला होता. जिना चढतानाही मध्येच टेकावं लागे. अशा माणसाला कीर्तनाला उभं करायचं, याचीच त्याला धास्ती.

"आणि मी काय करू? माझ्याच आवाजामागं टाळ कुटत उभा राहू?" हणमंतराव म्हणाले. "नक्को बाबा. देवापुढं उसना गळा नक्को."

"उसना कुठे? तुमचाच आहे की."

"होता."

उदय हणमंतरावांच्या बहिणीकडे, त्रिवेणीबाईंकडे वळला. "आत्या, तुम्ही तरी सांगा."

त्रिवेणीबाई डाळ निवडत होत्या. "माझं ऐकणारा असता तर वकील झाला असता तो. कायकू परेशान होतोस?"

शेवटी तोड निघाली. काका गातील, दम तुटला तर मात्र उदय बटण दाबेल आणि जुनं पद सुरू होईल. हणमंतरावांनी "हौ" म्हटलं, पण ते तोंडदेखलं.

त्रिवेणीबाईंची नोकरी अफझलगंजच्या वाचनालयात पुस्तकं जागच्या जागी लावण्यात सरली, आणि संध्याकाळी भावामागे झील धरण्यात. म्हणजे असं, की पुढच्याने चरण म्हणायचा आणि तो पुरा झाला की मागच्याने ध्रुवपद उचलायचं. चरण अर्धा असताना मागचा तोंड उघडत नाही. कीर्तनात याहून मोठी चूक नाही, आणि त्रिवेणीबाईंकडून ती कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हणमंतरावांनी त्यांना पेटीजवळ बसवलं. "नवं पद बांधलंय. ऐक." आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"वाट चढाची,
ओझे माथी,
तूच एकला
माझा साथी."

"एवढासाच चरण?"

"जेवढा दम, तेवढाच चरण. जिथं छाती भरून येते, तिथंच यमक बसवलंय. ऐकणाऱ्याला वाटतं, यमकाला थांबला बुवा. मी तेवढ्यात श्वास घेतो."

"लबाड आहेस."

"आता ध्रुवपद. ते लांब ठेवलंय, कारण ते तू म्हणायचंस." त्यांनी शब्द सांगितले. "चाल गड्या रे, अजून थोडे, कळस दिसे तो पुढे."

"गडी कोण हा?"

"श्वास. डॉक्टर त्याला आजार म्हणतात. मी म्हटलं, आपण दोस्त म्हणावं. दोस्ताला हाक मारली की तो चार पावलं जास्त चालतो."

त्रिवेणीबाई पेटीकडे सरकल्या. त्यांनी सूर दाबला आणि ध्रुवपद म्हणून पाहिलं. मग पुन्हा, जरा संथ लयीत.

दत्तजयंतीला मंदिराचा मंडप भरला. पुढे पुण्या-मुंबईची मंडळी, मागे शहरातली जुनी घराणी. कडेला लॅपटॉपपाशी उदय. हणमंतराव उभे राहिले. पहिला चरण झाला, दुसरा झाला. यमक येई, ते थांबत, मागून त्रिवेणीबाई ध्रुवपद उचलत, तेवढ्यात त्यांची छाती खाली-वर होई. कुणाला शंकाही आली नाही.

मग शेवटचा चरण, ज्यात कवी आपलं नाव घालतो.

"हणमंत म्हणे,
थकलो..."

आणि दम संपला. यमक अजून पुढेच होतं. ओठ हलले, आवाज नाही. उदयचा हात पुढे झाला.

त्रिवेणीबाईंनी ते पाहिलं, आणि अर्ध्या चरणावरच ध्रुवपद उचललं.

पहिल्या रांगेत बसलेल्या मुकुंदरावांनी, इथल्या कीर्तनांच्या जुन्या जाणकारांनी, कपाळाला आठी घातली. त्रिवेणीबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्यांनी ध्रुवपद पुन्हा घेतलं, लय खाली आणून. झांज उंच धरून लोकांना खूण केली, तशी सगळी सभा म्हणू लागली. चाल गड्या रे, अजून थोडे. उदयने हात मागे घेतला. इतक्या लोकांच्या गाण्यावर रेकॉर्डिंग लावायचं कसं? सभा गात राहिली आणि हणमंतराव डोळे मिटून, एका हाताने खांब धरून श्वास गोळा करत राहिले. मग त्यांनी बोट वर केलं. त्रिवेणीबाई थांबल्या. सभा थांबली.

"हणमंत म्हणे,
थकलो देवा,
थकूनसुद्धा
घडते सेवा."

आरतीनंतर लोक हणमंतरावांच्या पाया पडायला दाटले. उदय सगळ्यांत पुढे. त्रिवेणीबाई मागे झांजांची दोरी गुंडाळत होत्या, तिथे मुकुंदराव आले.

"काय आत्याबाई, आज ध्रुवपद भलत्याच जागी उचललंत की. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकलात."

त्रिवेणीबाईंनी भावाकडे पाहिलं. तो हसत कुणाला तरी प्रसाद देत होता.

"हौ," त्या म्हणाल्या. "वय झालं आता."

आणि झांजा पिशवीत घातल्या.

ते पद आता मंदिरात दर गुरुवारी म्हणतात. हणमंतरावांचं नाव त्यात आहे, त्याची काळजी नको. त्रिवेणीबाईंचं मात्र कुठल्याच चरणात नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा ध्रुवपदाशी क्षणभर थांबा आणि त्यांची आठवण काढा, एवढंच मागणं.