जाड तार

मी बोर्ड बोलतोय, विजेचा. सागवानी फळी, वर चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज, खाली काळी बटणं. पाटणजवळच्या एका वाडीत, लालासाहेबांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी मी चाळीस वर्षं काढली. एक मरण माझ्यातून गेलंय. तेच सांगायचंय.

लालासाहेब फौजेतून रजेवर आले होते, तेव्हा त्यांनी स्वतः मला भिंतीला ठोकलं. त्यांची बायको मनुबाई आधी मला हात लावायला भ्यायची. पुढं दसऱ्याला कोयत्या-खुरप्यांबरोबर मलाही हळदकुंकू लावू लागली. म्हणायची, "ह्यो बी राबतोय की."

माझं काम साधं. फ्यूजमध्ये केसासारखी बारीक तार असते. कुठं बिघाड झाला की ती वितळते आणि वीज थांबते. माणसं म्हणतात, फ्यूज उडाला, अन् वैतागतात. खरं तर ती माझी हाक असते.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात परसातली पाण्याची मोटर लावली की मी हाक द्यायचो. मोटरीच्या पोटातली वीज तिच्या लोखंडी अंगावर उतरत होती. लालासाहेब तोवर पेन्शनीत निघाले होते. चौथ्यांदा फ्यूज उडाला तसे ते भडकले. "सारखं काय रं तुजं!" म्हणत त्यांनी जुन्या वायरीतली तांब्याची जाड तार सोलली, पिळली आणि माझ्यात कोंबली. मोटर सुरू झाली.

मी मुका झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनुबाईनं ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून चालू मोटरीचा लोखंडी पाइप सरळ करायला हात घातला. तिच्या अंगात जी वीज गेली ती आधी माझ्यातून गेली. मला कळत होतं. मला थांबायचं होतं. तार वितळली नाही.

लोक म्हणाले, मोटर खराब होती, दैव दुसरं काय. लालासाहेबांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर तिन्हीसांजेला स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणायचा, विझल्यासारखा व्हायचा, पुन्हा उजळायचा. माझ्या पाठीमागचा एक जोड सैल झाला होता, एवढंच. पण लालासाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. हळूच विचारायचे, "आलीस व्हय?" मग खुर्ची ओढून दिवसभराचं सांगत बसायचे. ऊस तुटून गेला, नात तिसरीत गेली. एकदा नुसतंच म्हणाले, "मनू, म्या मुद्दाम न्हाई गं केलं."

ती इथं नाही, हे मला सांगता येत नव्हतं. आणि खरं सांगू? त्या जोडात ठिणगी चरचरली की मलाही तिची बोटं अंगावर असल्यासारखी वाटायची.

मुलगी क्रांती कराडला शिक्षिका. दर सुट्टीत म्हणायची, "आबा, बोर्ड बदलून घ्या. लय जुना झालाय."

"न्हाई. तिचा हात लागलाय त्याला."

यंदाच्या दिवाळीत तिची लेक सृष्टी भरदुपारी माझ्याखाली बसून किल्ल्याचे मावळे रंगवत होती. माझी पाठ कधीची तापली होती. लाकूड करपू लागलं.

"आई, बोर्डातनं धूर येतोय!"

क्रांतीनं पोरीला ओढून अंगणात नेलं, धावत येऊन सोप्यावरचा मेन स्विच पाडला. लालासाहेब खुर्चीतच होते. पोरगी बसली होती त्या जागेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सिकंदरला बोलाव."

सिकंदर पाटणचा वायरमन. त्यानं माझे फ्यूज एकेक उपसले. तिसरा हातात घेऊन तो थांबला.

"आबा, ही तार कुणी घातली?"

त्यानं फ्यूज उजेडात धरला.

"मोटरीच्या लायनीवर हाय म्हणून इचारतो."

"म्या," लालासाहेब म्हणाले. "ती जायच्या आधी दोन दिवस."

क्रांती भिंतीला टेकली. म्हणाली, "पाच वर्सं सांगितलं न्हाई तुमी."

"सांगितलं असतं तर ह्या घरात पाऊल टाकलं असतंस का?"

क्रांती तशीच चुलीकडं गेली. चूल पेटवली, चहा ठेवला. पहिला कप सिकंदरला दिला, दुसरा लालासाहेबांसमोर ठेवला. हातात दिला नाही.

माझ्या जागी पत्र्याची पेटी आली. तिच्यात एक स्विच असा, की वीज अंगावर उतरली तर आपणच पडतो. सिकंदरनं त्याचं बटण दाबून दाखवलं. खट्.

"एवढ्या झटक्यात पडतंय?"

"मानसाला कळायच्या आत, आबा."

लालासाहेबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

भंगारात मला त्यांनी दिलं नाही. रविवारी गोणपाटात गुंडाळून शेजारच्या ज्ञानूच्या सोप्यावर नेऊन ठेवलं.

"ज्ञानू, तुजा फ्यूज उघडून दाव."

"आवं आबा, झ्याक चाललंय की समदं."

"माजं बी चाललं हुतं. मनू मोटरीनं गेली न्हाई. ह्या तारंनं गेली. आन् तार म्या घातली."

ज्ञानूची बायको रेश्मा भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच उठली आणि तिनं मेन स्विच पाडला.

आता माझं काम हेच. काळ्या पाठीनं लोकांच्या दारात पडून राहायचं. तुमच्याही भिंतीवर माझा कुणी भाऊबंद असेल. तो वरचेवर हाक देत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, त्याचं तोंड तर बांधूच नका. वायरमन बोलवा.

वाडीत अजून नऊ घरं राहिलीत. दरवेळी उंबऱ्याशी लालासाहेब थांबतात, मला काखेत आवळून धरतात. छाती धडधडते त्यांची, मला ऐकू येते. मग ते आत जातात आणि पहिल्यापासून सांगतात.