हाताच्या नावावर गेलेली तक्रार

मित्रांनो, मी एका इस्त्रीवाल्याचे हृदय आहे. माझे मालक अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि मी त्यांच्याहून आठ महिन्यांनी मोठे आहे. आईच्या पोटात त्यांना बोटेसुद्धा फुटली नव्हती, तेव्हाच मी धडधडू लागले होते. त्या वेळी मी नुसती एक नळी होते. पुढे ती नळी वळली, दुमडली आणि तिचे चार कप्पे झाले.

मी मालकांच्या मुठीएवढे आहे. माझ्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात, खालच्या दोघांना जवनिका. अंगभर फिरलेले रक्त उजवीकडे येते. मी ते फुप्फुसांकडे पाठवते. तिथे प्राणवायू घेऊन ते डावीकडे परतते आणि डावी जवनिका ते महाधमनीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलते. उजवीला शेजारच्या घरी जायचे असते, डावीला गावभर. म्हणून डावीची भिंत जाड. रक्त मागे फिरू नये यासाठी मला चार झडपा आहेत. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तो आवाज या झडपा मिटण्याचा असतो.

मालक दिवसाचे दहा तास टेबलाशी उभे असत. उभ्या माणसाचे रक्त पायांत साचू पाहते. पोटऱ्या आवळल्या की शिरा दाबल्या जातात आणि ते वर सरकते. मालकांना इस्त्री फिरवताना टाचा उचलायची सवय होती. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, नाचताय की इस्त्री करताय?" मला मात्र त्या टाचांचा मोठा आधार वाटे. एकदा एका डॉक्टरांनी मला ऐकून "घड्याळासारखं चालतंय" असे म्हटले. त्या एका कौतुकावर मालकांनी पुढची वीस वर्षे काढली. दर दोन गठ्ठ्यांमागे एक सिगारेट मात्र चुकली नाही.

आता माझी अडचण सांगते. दिवसभर एवढे रक्त माझ्यातून जाते, पण कप्प्यांतल्या त्या रक्तावर माझे पोट भरत नाही. महाधमनीच्या मुळाशी दोन बारीक धमन्या फुटतात, त्या मला रक्त पुरवतात. तेही बहुतेक मी दोन ठोक्यांच्या मधे सैल पडते तेव्हाच. त्यांतल्या एकीच्या आत चरबीचा थर साचत गेला. मालक भराभर काम करू लागले की मला प्राणवायू पुरेना. मी तक्रार केली.

ती मालकांपर्यंत नीट पोहोचलीच नाही. माझ्या वेदनेच्या तारा आणि डाव्या हाताच्या तारा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी शिरतात. मेंदूला हाताची कुरकुर ओळखीची होती. त्याने माझी तक्रार हाताच्या नावावर टाकली. मालकांना ते लगेच पटले. उजव्या हातात इस्त्री धरायची आणि डाव्याने कापड ताणायचे, हे तीस वर्षे केल्यावर डावा हात दुखणारच. त्यांनी हाताला तेल चोळले. कापड ताणून धरायला टेबलाच्या कडेला एक जड दगड ठेवला. मी आतून पाहत होते. मला हात नाही, तोंड नाही. काय करणार?

एका सुट्टीच्या दिवशी ते बायकोबरोबर जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर ते डावा दंड धरून थांबले. बायको दुकानात त्यांच्या शेजारी बसून घड्या घालते. तिची नजर बारीक.

"अहो, आज एकाही कापडाला हात लावला नाही तुम्ही. मग हात कशानं दुखतोय?"

"कालचं ताणलेलं आज दुखतंय."

"आणि उभं राहिलं की दोन मिनिटांत थांबतं, ते कसं?"

मालकांनी तिला वचन दिले की शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा संपला की दवाखान्यात जायचे. आणखी चार दिवसांचे तर काम होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो थर फाटला आणि त्यावर रक्ताची गुठळी बसली. धमनी बंद झाली. घाम फुटला, जबडा दुखू लागला, तरी मालक पित्त झाले म्हणत तासभर काम रेटत राहिले. त्या तासात माझ्या पुढच्या भिंतीच्या पेशी एकेक करून मरत होत्या. मग ते बाकावर बसले. इस्त्री एका शर्टावर तशीच राहिली. नुकतीच घरून येत असलेली बायको धूर पाहून धावली. मालक एवढेच म्हणाले, "आधी शर्ट उचल. गिऱ्हाइकाचा आहे."

तिने प्लग ओढला, शर्ट तसाच जळू दिला आणि शेजारच्या कुलूपवाल्याच्या गाडीत त्यांना घातले. इस्पितळात मनगटातून बारीक नळी माझ्यापर्यंत आली. तिच्या टोकावरच्या फुग्याने धमनीची वाट उघडली, ती पुन्हा मिटू नये म्हणून आत बारीक जाळी बसवली. रक्त आले. पण काही पेशींना ते फार उशिरा आले.

आता तपासणीच्या पडद्यावर माझ्या पुढच्या भिंतीचा एक तुकडा हलताना दिसत नाही. तुटलेले हाड जुळते, कापलेली कातडी भरते. माझ्या मेलेल्या स्नायूच्या जागी फक्त वण येतो, आणि वण आकुंचन पावत नाही. मालक आता बसून घड्या घालतात, इस्त्री बायको करते. थोडे चालले तरी त्यांना धाप लागते. ते रागावत नाहीत, पण बोलणेही कमी झाले आहे.

मित्रांनो, मला माझ्या नावाने ओरडता येत नाही. मी कधी हातातून बोलते, कधी जबड्यातून, कधी नुसत्या घामातून. चालताना दुखते आणि थांबले की थांबते, असे घरातले कुणी म्हणाले तर त्यांच्या कामाचा गठ्ठा संपायची वाट पाहू नका. ते रागावतील, पित्त आहे म्हणतील. तरी त्यांना डॉक्टरांकडे न्या. माझ्या मालकांना विचारणारे माणूस अगदी वेळेवर भेटले होते. त्यांनी तिच्याकडे चार दिवस मागितले, आणि माझ्याकडे तीनच होते.