पट्टी सोडून गेलेले ठिपके

हैबतरावांना सरळ रेघ फार आवडायची. बांध सरळ, मिशी सरळ, आणि माणसानं त्यांच्यापुढे सरळच उभं राहावं ही अपेक्षा. त्यामुळे आठवीच्या पोरांनी त्यांच्याच पेंढ्याच्या गंजीच्या तापमानाचा आलेख काढला आणि तो पट्टीला चिकटून बसला, तेव्हा ते खूश झाले. मी मात्र नाही.

एकोणऐंशी सालची गोष्ट. मी सुलताना, मूळची पौडची. रिहे गावच्या शाळेत गणित शिकवायचे आणि हैबतरावांच्या आवारात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. त्या साली भातकापणीत अवकाळी पाऊस पडला. आणखी पडेल या धास्तीनं त्यांनी ओलसर पेंढा तसाच रचला, तोही घराच्या मागच्या भिंतीला लागून. थोड्याच दिवसांत गंजी उबदार लागायला लागली. त्यांचा गडी गेणबा तिच्यात पहार खुपसायचा, बाहेर काढून तळहाताला टेकवायचा आणि म्हणायचा, "पेंढा पिकतुया. गुरं लई गोडीनं खात्यात." पेंढ्याला ऊब आली की सगळेच असे खूश.

मला वर्गात आलेख शिकवायचा होता. फळ्यावरच्या क्ष आणि य ला पोरं कंटाळली होती. मग मी गंजीत एक पोकळ बांबू बसवला. शाळेचा तापमापक दोरीनं त्यात सोडायचा आणि रोज मधल्या सुट्टीत आकडा घ्यायचा. वाढ रोज सारखीच येत होती, ठिपके ओळीनं पट्टीवर बसत होते.

"सारख्या वेळात सारखी वाढ, तर ती रेषीय," मी सांगितलं. "हंड्यात तांब्या-तांब्यानं पाणी ओततो तशी. आता रेषीय नसलेलं काय, सांगा."

"उवा, बाई," मागून एक पोरगी म्हणाली. "आदी कळतबी न्हाईत. मंग एकदम डोकंभर."

वर्ग हसला. उदाहरण चोख होतं, त्यामुळे मला रागावताही येईना.

त्याच सुमारास हैबतरावांची सून रत्ना बाळंत झाली. तिची खोली नेमकी त्या मागच्या भिंतीची. सासू गोजराबाई भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "शेगडीबी लागंना. चांगला शेक मिळतुया." बाळाला त्या भिंतीशीच निजवायच्या. त्याच्या पाठीवर लाली दिसली, तर घामोळं म्हणून हळद लावली. मी बाळ बघायला गेले, भिंतीला हात टेकवला आणि पटकन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी हैबतरावांना शाळेत बोलावून आलेख दाखवला. आकडा सत्तर अंशांच्या पुढे गेला की पेंढा आतून पेट घेऊ शकतो, हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी स्वतः पट्टी लावून रेघ पुढं ओढली. ती बारशाच्या बऱ्याच पुढं जाऊन सत्तरला पोचत होती.

"बारसं झालं की गंजी मोडू," ते म्हणाले. "पावणं यायच्यात, आवारात राडा कशाला?"

"ही रेघ तुम्ही ओढलीत. गंजीनं नाही."

"पट्टी तुमचीच हाय की, बाई."

पट्टी माझीच होती.

पुढचा ठिपका पट्टीच्या वर बसला. पोरांना वाटलं, आकडा वाचताना चुकलो. मग मी स्वतः वाचला. त्यानंतरची वाढ आदल्या दिवसाच्या दुप्पट, आणि तिच्यानंतरची त्याहून जास्त. गंजीला करपलेल्या गुळासारखा वास यायला लागला होता. गेणबानं पहार बाहेर काढली, पण तळहाताला लावली नाही. मी त्याला बांबू उपसायला सांगितला. आत गेलेलं टोक काळं झालं होतं. मला खरोखर भीती वाटली.

"गंजीला हात लावू नकोस," मी गेणबाला बजावलं. "वारा लागला तर भडकेल. आधी पाणी भरून ठेव." आणि तो बांबू घेऊन तशीच घरात गेले. हैबतराव पौडला तहसिलीत गेले होते.

"मावशी, रत्नाला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

"आन् ठिवू कुटं?" गोजराबाई म्हणाल्या. "सोयर हाय. माजघरात देव हायेत. बारशाआदी बाळंतीण खोलीभायेर येत न्हाई."

मी काळं टोक त्यांच्या हातात दिलं. "माझ्या खोलीत देव्हारा नाही, मावशी. तिथं कसलंच सोयर नाही. तिकडं आणा."

गोजराबाई माझ्याकडे कधी पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. त्या बांबूकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे. मग त्यांनी पदर खोचला आणि बाळाला उचललं.

दुपारच्या एसटीनं हैबतराव परतले. सून माझ्या खाटेवर बघून त्यांचं टाळकं फिरलं. "पोरांच्या खेळापायी माजी इज्जत घालवली," असं म्हणत ते गंजीकडे गेले. गेणबा आडवा आला, त्याला ढकललं आणि लोखंडी आकडीनं पेंढ्याचा मोठा पुंजका ओढून काढला. आत अंधार नव्हता. लाल होतं. वारा आत शिरला आणि गंजीनं एकदम तोंड उघडलं.

भरून ठेवलेलं पाणी पुरलं नाही. मागच्या भिंतीवरचं छप्पर जळून खाली आलं, ते रत्नाच्या खाटेवर आणि बारशासाठी टांगून ठेवलेल्या पाळण्यावर.

दिवस मावळताना हैबतराव माझ्या उंबऱ्यावर येऊन बसले. अर्धी मिशी जळाली होती. बारसं अजून व्हायचं होतं.

"उद्याचा ठिपका कुटं आला असता, बाई?"

"कागदाबाहेर," मी म्हणाले.

आत गोजराबाई बाळाला पालथं घेऊन ओल्या फडक्यानं हळद पुसत होत्या. हळदीखाली घामोळं नव्हतंच. भिंतीकडच्या बाजूनं, खांद्यापासून कमरेपर्यंत, कातडी भाजून सोलवटली होती. हैबतरावांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.