टेबलावरची टिचकी

औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी तीस बायका बसायच्या. त्यातल्या एकीचा रेकॉर्ड असा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. सहा वर्षांत तिच्या हातून तडकलेली एकही बाटली पुढे गेली नव्हती. आणि गंमत अशी, की त्या बाईला धड दिसतच नव्हतं.

हे ठाऊक होतं फक्त तिच्या भावजयीला. दोघी शेजारीशेजारी बसत. नणंद बाटली दिव्यासमोर धरी. भावजय आपलं काम करता करता तिच्याही बाटलीवर नजर टाकी आणि चीर दिसली की टेबलावर नखाने एक टिचकी मारी. मशिनांच्या गोंगाटात ती ऐकू कोणाला जाणार? पण नणंदेचा डावा हात टेबलाला टेकलेला असे, तिला ती बरोबर जाणवे. टिचकी आली की बाटली लाल खोक्यात, नाही आली की पट्ट्यावर.

भावजयीला या कामाला लावलं होतं नणंदेनेच. तिचे डोळे चांगले होते तेव्हा, बाटली धरायची कशी, इथपासून शिकवलेलं. आता नवऱ्यामागे एकटी राहणारी नणंद डोळ्यांपायी घरी बसणार, हे भावजयीला बघवेना. दोघींचं काम एकटीने ओढताना तिच्या स्वतःच्या बाटल्या मात्र सुटायच्या, वर्षाला आठ-दहा तरी. मग बोलणी खायची आणि गप्प बसायचं.

अशात एआयचं ट्रेनिंग आलं. आता कॅमेऱ्याचं मशीन बाटल्या तपासणार. ते चालवायला दहा जणींना शिकवून तयार करायचं, बाकी विसांनी आपापलं बघायचं. शिकवायला आलेला साहेब मोठा गोडबोल्या. मशीन तान्ह्या मुलासारखं असतं म्हणे, चांगलं काय, वाईट काय, ते त्याला आधी कुणीतरी दाखवावं लागतं. दाखवणार कोण? जिचा रेकॉर्ड स्वच्छ, ती. टाळ्यांच्या कडकडाटात नणंदेला पुढे बोलावलं. भावजयीचं नाव वीस जणींच्या यादीत लागलं.

बारा दिवस नणंद एका बंद खोलीत बाटल्यांचे फोटो बघून बटणं दाबत होती. तेराव्या दिवशी तिने भावजयीला जिन्यात गाठलं.

"वहिनी, मोठी चीर मला दिसते हो," ती म्हणाली. "बारीक मात्र एकही दिसली नाही. जिथे दिसलं नाही, तिथे चांगली म्हणून दाबत गेले."

 भावजयीला नोकरी जाणार याचा राग होताच, खोटं कशाला बोला! पण त्या बाटल्यांत इंजेक्शनचं औषध भरायचं होतं, आणि केसाएवढ्या चिरेतून आत काय काय शिरतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. रात्रभर तळमळली आणि सकाळी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. टिचकीसकट सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी शांतपणे आकडे दाखवले. मशीनचं उत्तर आणि नणंदेचं उत्तर शंभरात नव्याण्णव वेळा जुळत होतं.

"दोघांनाही तेवढंच कमी दिसत असेल, तर जुळणारच ना साहेब," ती म्हणाली.

बाजूला उभा असलेला सुपरवायझर हसला. यादीत नाव लागलं की माणसाला काय काय सुचतं, असं म्हणाला. तरी एकदाचा सोक्षमोक्ष लागावा म्हणून त्याने तीन बाटल्या निवडून आणल्या. नणंदेने रोजच्या जागी बसून त्या तपासायच्या, भावजयीने समोर उभं राहून बघायचं.

नणंदेने पहिली बाटली दिव्यासमोर धरली. मानेशी बारीक चीर होती. भावजयीला ती दिसली, आणि दिसताक्षणी टेबलावर टेकलेल्या तिच्या बोटाने टिचकी मारली. सहा वर्षांचं वळण ते, तिला विचारायला थोडंच थांबणार! बाटली लाल खोक्यात गेली. सुपरवायझरने मान डोलावली.

भावजयीने स्वतःला शिव्या घातल्या आणि मूठ आवळून धरली. दुसरी बाटली चांगली निघाली. नणंद थांबली, टिचकी आली नाही, तिने बाटली पट्ट्यावर ठेवली. हेही बरोबर. गप्प राहिलं तरी उत्तर जातंच, हे तेव्हा कुठे भावजयीच्या ध्यानात आलं.

तिसरीही चांगली होती. आता एकच वाट उरली होती. या धडधाकट बाटलीवर टिचकी मारायची, नणंद चुकणार, सगळं उघडं पडणार. भावजयीने मूठ सोडली, बोट टेबलावर टेकवलं. समोर नणंद बाटली धरून बसली होती, दिव्याकडे तोंड करून, अगदी विश्वासाने. ते बोट काही केल्या हलेना.

बाटली पट्ट्यावर गेली. मशीन सोमवारपासून सुरू, साहेबांनी जाहीर केलं. माणसाने शिकवलेलं मशीन असं असतं, असंही ते म्हणाले. भावजयीला हिशेब घेऊन जायला सांगितलं.

फाटकाशी नणंद धापा टाकत तिच्या मागे आली. 

"मला तुम्ही होतात, वहिनी," ती म्हणाली. "त्या मशीनला टिचकी कोण मारणार?"

 आत पट्टा सुरू झाल्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता.